पिलांना अंगण केव्हा दाखवावे?

दिव्याच्या उबेत वाढणारी कोंबडीची पिले अंगणात केव्हा सोडावीत, हे पिसांवरून ठरवावे. केवळ दिवस मोजून भागत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती तीन अंशांनी उतरवावी. पिले दिव्याखाली दाटली तर त्यांना थंडी वाजते, चोच उघडून दूर बसली तर उकडते, असे जाणावे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात लव जाऊन पिसे भरतात. तोवर पाऊस त्यांचा वैरीच. भिजलेली लव ऊब धरीत नाही, आणि ओल्या जमिनीवर रक्ती हगवण फैलावते. बेळगावकडील आषाढझडीत म्हणूनच घाई नको. चांगली उघाड पडल्यावर प्रथम दुपारी तासभरच, तेही जाळीखाली, सोडावीत. घार वरून झडप घालते, मुंगूस कुंपणातून शिरते. सायंकाळी पिले मोजूनच खुराड्यात घ्यावीत.