विश्लेषण : फायबरग्लासच्या गाडीवर रंग का टिकत नाही?

फायबरग्लासची बॉडी गॅरेजमध्ये आली, की पत्र्यावर हात बसलेले डेंटिंग-पेंटिंगचे कारागीरही जरा बिचकतात. पत्र्याच्या सवयीने काम उरकले तर महागडा रंग काही महिन्यांतच फुगतो किंवा तडकतो आणि सगळे खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो, त्याखालच्या तयारीचा असतो.

कोणत्या गाड्या फायबरग्लासच्या?

शेवरोलेची कॉर्व्हेट हे सर्वात प्रसिद्ध उदाहरण. १९५३ मध्ये तिच्या पहिल्या ३०० गाड्या बनल्या, त्या सगळ्या पांढऱ्या. भारतात सिपानीची डॉल्फिन आणि गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म या फायबरग्लासच्या. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘फायबरचा बंपर’ म्हणतात, तो मात्र बहुधा साधा प्लास्टिकचा असतो. त्याचा प्रायमर वेगळा, त्यामुळे पुढची माहिती त्याला लागू नाही.

जुना रंग कसा काढावा?

फायबरग्लास म्हणजे रेझिनमध्ये बसवलेले काचेचे तंतू. अनेक बॉडींवर त्यावर जेलकोटचा पातळ थर असतो. कॉर्व्हेटसारख्या काहींवर तो नसतो. पत्र्यावरचा रंग उतरवणारे जहाल रिमूव्हर रेझिनही मऊ करते आणि आत मुरून नंतर नव्या रंगाला फोड आणते. सँडब्लास्टिंगने तर पृष्ठभागाला खड्डेच पडतात. घासून रंग काढणे हाच भरवशाचा मार्ग. वेळखाऊ आहे, पण पर्याय नाही.

घासण्याआधी बॉडी साबणाच्या पाण्याने आणि नंतर मेण-तेल काढणाऱ्या क्लीनरने पुसायला हवी. हा क्रम उलटा झाला, तर पॉलिशचे मेण किंवा नव्या पॅनेलवर राहिलेले साच्याचे मेण पेपरच्या ओरखड्यांत दाबले जाते. मग प्रायमर जागोजागी फाटून माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे दिसतात. जाड थर उतरवायला ८० नंबरचा पेपर, नंतर १८०. काचेचे तंतू उघडे पडू लागले, की थांबायचे. उघडे तंतू पाणी शोषतात, त्यामुळे तिथे पाणी मारून घासू नये.

घासताना उडणारी धूळ कातडीला खाजवते आणि श्वासातून आत जाते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही; चांगला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. दोन घटकांच्या प्रायमरच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असते, ते दम्याला कारण ठरू शकते. फवारणीच्या वेळी धुळीचा मास्क कामाचा नाही.

तडे पुट्टीने बुजवले तर?

परत येतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पडण्यामागे अनेकदा खालचा सांगाडा हलणे, एखादा बोल्ट जास्त आवळलेला असणे किंवा जुना धक्का असतो. आधी ते कारण दूर करायचे, मग तडा मुळापर्यंत ‘व्ही’ आकारात घासून रेझिन आणि काचेच्या मॅटने भरायचा. पुट्टी फक्त वरच्या सफाईपुरती. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, तर तीही आताच भरावीत. त्यांतली हवा उन्हात प्रसरण पावते आणि रंगाला उचलते.

प्रायमर कोणता?

पत्र्याला लावतात तो ॲसिडचा एच प्रायमर इथे निरुपयोगी, कारण त्याला चावायला धातूच नाही. स्वस्त एनसी प्रायमर सुकल्यावरही आकसत राहतो आणि पेपरचे ओरखडे वर दिसू लागतात. आधी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावेत, ते पृष्ठभाग बंद करतात. त्यावर दोन घटकांचा जाड सरफेसर. तो पूर्ण सुकल्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून लाकडी ठोकळ्याने ३२० आणि नंतर ४०० ते ६०० नंबरच्या पेपरने घासायचा. काळे ठिपके राहिले, तिथे खोलगट भाग आहे. दोन थरांमधली वेळ डब्यावर छापलेली असते, ती पाळावी.

गडद रंग हवा असेल, तर अजून एक गोष्ट. काळी बॉडी उन्हात जास्त तापते आणि रेझिन अर्धवट पक्के असेल, तर आतल्या मॅटची वीण रंगातून उमटते. म्हणून नवीन रेझिनची दुरुस्ती झाली असेल, तर प्रायमरआधी बॉडी काही दिवस उबदार जागी ठेवण्याचा सल्ला दिला जातो.