बावीस वर्षांतला एक तास

न्यू जर्सीत मुलीकडे मुक्काम असताना जावईबापूंनी मला मेडोलँड्सच्या क्रीडांगणात अमेरिकन फुटबॉलचा सामना दाखवायला नेले, आणि मोटार उभी करायला जागा मिळावी म्हणून तब्बल दोन तास आधी नेले, ह्या त्यांच्या व्यवहारदक्षतेमुळेच प्रस्तुत लेखाचा विषय मला लाभला. खुर्च्या जवळजवळ रिकाम्या होत्या. खाली हिरवळीच्या एका कडेला पाहुण्या संघाचा एक सडपातळ तरुण एकटाच उभा होता. दोन्ही टोकांना निमुळता, ११ इंच लांबीचा, सुमारे ४०० ग्रॅम वजनाचा तो चेंडू शिवण वर करून उजव्या हाताने समोर धरावा, दोन पावले टाकावीत, हात कमरेपर्यंत उतरवावा आणि चेंडू नुसता सोडून द्यावा, एवढाच त्याचा उद्योग चालला होता. लाथ तो मारीतच नव्हता. पडलेला चेंडू सरळ वर उसळतो की तिरका पळतो, हे खाली मान घालून पाहायचे, आणि उचलून पुन्हा तेच. मी मोजायला लागल्यापासून चाळीस वेळा तरी हा प्रकार झाला.

"बाबा, हा त्यांचा पंटर," जावईबापू म्हणाले. मुंबईत हा शब्द सट्टा लावणाऱ्याला, नाहीतर एखाद्या दादाच्या हाताखालच्या इसमाला लावतात, त्यामुळे क्षणभर मला त्या मुलाची काळजीच वाटली. मग खुलासा झाला. ह्या खेळात १० यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला चार प्रयत्नांची मुभा असते. तीन फसले आणि चौथाही फसणार अशी चिन्हे दिसली, म्हणजे आहे त्या ठिकाणी चेंडू गमावण्यापेक्षा तो प्रतिपक्षाच्या मुलखात शक्य तितका आत लाथाडून द्यावा आणि त्यांना तेथून वाट काढू द्यावी, ह्या काहीशा नामुष्कीच्या कामगिरीवर हा गृहस्थ तैनात असतो. इतरांनी हात टेकल्यावर ज्याला हाक येते असा हा हुद्दा, आणि त्याने कामगिरी चोख बजावली तर पुढे काहीच घडत नाही. निष्फळतेलाच येथे यश म्हणतात.

सुमारे १५ यार्ड पुढे ओणवा उभा असलेला गडी दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, तो पाऊण सेकंदात हाती येतो, आणि फेकल्यापासून दोन सेकंदांच्या आत तो पायावरून निघून गेला पाहिजे, कारण समोरून धिप्पाड माणसांची फळी अंगावर चालून येत असते. अशा घाईत चेंडूचे टोक बोटभर बाहेर वळले, तरी तो पायाच्या पाठीवर न बसता कडेला लागतो आणि भलतीकडे जातो. जोर पायात असतो, पण निवाडा हातात असतो, हे त्या चाळीस उतरवण्यांचे रहस्य मला तेव्हा उमगले. नुसता लांब फटका हाही दोषच: चेंडू ४५ यार्ड जाऊन साडेचार सेकंद हवेत राहिला तर आपले धावपटू झेलणाऱ्याच्या पुढ्यात वेळेवर हजर होतात आणि तो बिचारा हात हलवून अभय मागतो, ६० यार्ड जाऊन लवकर उतरला तर त्याला मोकळे रान मिळते. विक्रम म्हणाल तर १९६९ साली डेन्व्हरच्या विरळ हवेत न्यूयॉर्क जेट्सच्या स्टीव्ह ओनीलने ९८ यार्डांचा मारला. मैदानच १०० यार्डांचे.

त्या दिवशी आमच्या तरुणाला पाच वेळा हाक आली. दुसऱ्या वेळी शेजारच्या दलदलीवरून येणाऱ्या वाऱ्याने चेंडू हातातून सुटतासुटता किंचित फिरवला, आणि तो जेमतेम २० यार्डांवर कडेबाहेर गेला. कोणी त्याला काही बोलले नाही, जवळही गेले नाही. तो कडेला एका बाजूस जाऊन उभा राहिला आणि लाथ न मारता चेंडू सोडू लागला.

ह्या खेळाचे अव्वल व्यावसायिक संघ ३२, प्रत्येकात ह्या हुद्द्याची बहुधा एकच असामी. म्हणजे सबंध देशात मिळून तीसबत्तीस नेमणुका, आणि बडतर्फीला मुदतीची नोटीस नाही. शिवाय दुसरा गडी गोलासाठी लाथ मारताना चेंडू टेकवून धरण्याची वेठही बहुधा ह्याच्याच माथी. रे गाय ह्याला ओकलंडच्या संघाने १९७३ साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या पहिल्याच फेरीत घेतले तेव्हा पंटरसाठी एवढी किंमत मोजल्याचे लोकांना नवल वाटले. १९८६ चा हंगाम खेळून तो थांबला, आणि केवळ ह्या कामासाठी कीर्तिमंदिरात दाखल होणारा पहिला मानकरी ठरायला त्याला २०१४ साल उजाडावे लागले. उलट जेफ फीगल्सला १९८८ साली निवडीत कोणी विचारलेच नव्हते. तो २२ हंगाम टिकला, ओळीने ३५२ सामन्यांत त्याची हजेरी लागली, आणि त्याच्या नावावर १,७१३ पंट जमा झाले. प्रत्येकी दोन सेकंद धरले तर सारी कारकीर्द सत्तावन्न मिनिटांत आटोपते. हा हिशेब मी सामना चालू असतानाच तिकिटाच्या पाठीवर केला, आणि मग मात्र त्या मुलावरून माझी नजर हलेना.

पाचव्या वेळी त्याने चेंडू आडवा न धरता उभा धरला. ही ऑस्ट्रेलियातली रीत. डॅरेन बेनेट तिकडून येऊन १९९५ साली सॅन डिएगोच्या संघाकडून खेळू लागला, तेव्हापासून ती इकडे रुजत गेली. असा चेंडू टोकावरून टोकावर उलटा गिरक्या घेत जातो आणि पडल्यावर पुढे पळण्याऐवजी थबकतो, कधी मागेही येतो. गोलरेषेपलीकडे गेला असता तर प्रतिपक्षाला २० यार्डांवरून आयता प्रारंभ मिळाला असता. हा सहा यार्डांच्या आसपास पडला, एकदा उसळला, माघारी वळला, आणि धावत आलेल्या सोबत्याने तो तेथेच दाबून धरला. बाजूच्या रांगेत दोघेतिघे टाळ्या वाजवीत होते. जावईबापू नेमके तेव्हा कॉफी आणायला गेले होते. अर्धे क्रीडांगणच ह्या वेळी उठते. तुम्हाला कधी असा सामना पाहण्याचा योग आला, तर तिसरा प्रयत्न फसल्यावर दोन सेकंद बसून राहा; कॉफीची रांग काही पळून जात नाही.