वेरूळच्या कातळाखाली तेल आहे का?

वेरूळचं कैलास लेणं ज्या काळ्या बेसॉल्ट कातळात कोरलंय, तोच कातळ तेल शोधणाऱ्यांची डोकेदुखी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. त्याखाली जुने गाळाचे खडक असतील, तर त्यांत तेल किंवा वायू असू शकतो. पण ते दिसावं कसं?

जमिनीत कंपनं सोडून खालून परतणारे प्रतिध्वनी टिपायचे, ही नेहमीची रीत. आपल्याकडची एखादी नवी विहीर वाकून बघा: वर मुरूम, मग जाळीदार खडक, मध्येच लाल मातीचा पट्टा, पुन्हा टणक पाषाण. अशा थरांत कंपनं विखुरतात आणि खालचं चित्र पार धूसर होतं. म्हणून जमिनीवर नैसर्गिक विद्युत-चुंबकीय बदलही मोजतात. गाळाचे खडक बेसॉल्टपेक्षा सहसा विजेला कमी अडवतात.

किल्लारीत १९९३च्या भूकंपानंतर विंधलं, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्टखाली जेमतेम ८ मीटर गाळ आणि लगेच ग्रॅनाइट लागला. तेल साठायचं कुठे? नर्मदा-तापीच्या पट्ट्यात मात्र जाड गाळाच्या खुणा मिळतात.

हा खटाटोप कशाला? गरजेचं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल देश आयात करतो. १९७४ला सापडलेलं बॉम्बे हायही आता म्हातारं झालंय. त्यामुळे न तपासलेल्या गाळाच्या खोऱ्यांचं २०१६पासून देशव्यापी भूकंपलहरी-सर्वेक्षण झालं. खरा पैसा सध्या खोल समुद्राकडे वळतोय, आणि ते मला रास्त वाटतं. दख्खनची पाळी बरीच मागे आहे.