सेव्हर्न स्ट्रीटची रविवारची शाळा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टाकाला लावावयाची पोलादी टोके घडविण्यात बर्मिंगहॅमची बरोबरी करणारे दुसरे शहर जगात नव्हते. दूरदूरच्या देशांतील कचेऱ्यांची दप्तरे त्या टोकांनी लिहिली जात. परंतु त्याच शहरातील कारखान्यांत राबणाऱ्या कित्येक स्त्रीपुरुषांना, विवाहनोंदणीच्या वेळी नाव लिहिण्याचा प्रसंग आला की, फुली मारण्यावाचून गत्यंतर नसे.

जोसेफ स्टर्ज हा तेथला धान्याचा मोठा व्यापारी, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा, आणि गुलामगिरीच्या उच्छेदासाठी अहोरात्र झटलेला गृहस्थ. १८४२ साली तो नॉटिंगहॅमच्या पोटनिवडणुकीस उभा राहिला आणि पडला. पण त्या गावी १७९८ पासून चालत आलेली प्रौढांची शाळा त्याच्या पाहण्यात आली. विल्यम सिंगलटन हा मेथडिस्ट आणि सॅम्युअल फॉक्स हा क्वेकर किराणा व्यापारी, या दोघांनी ती लेस व मोजे विणण्याच्या धंद्यातील तरुणींसाठी काढली होती. निवडणुकीतील पराभवाची एवढी चांगली वसुली फार थोड्या उमेदवारांनी केली असेल. १८४५ च्या ऑक्टोबरात स्टर्जने बर्मिंगहॅमच्या सेव्हर्न स्ट्रीटवरील शाळागृहात रविवारचे वर्ग सुरू केले. योजना होती चौदा वर्षांवरील पोरांसाठी. परंतु त्यांच्यामागून बापेमाणसेही येऊन बाकांवर बसू लागली, आणि १८४८ मध्ये स्त्रियांचाही वर्ग निघाला.

रविवारी लेखन शिकविणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. वाचनाने बायबल कळते म्हणून ते क्षम्य, पण लेखन हे ऐहिक कर्म, ते पवित्र दिवशी कसे चालावे, असा आक्षेप अनेक धर्ममंडळींनी घेतला होता. क्वेकरांच्या लेखी एक दिवस दुसऱ्याहून अधिक पवित्र नसल्यामुळे हा पेच त्यांना पडलाच नाही. भल्या सकाळी वर्ग भरे. आधी बायबलातील वचनांचा कित्ता गिरवावयाचा, मग त्यावर वाचन आणि चर्चा. हातोडा नि कानस धरून निबर झालेल्या बोटांत टाक धरला की तो कागद फाडीत जाई. चाळिशीचा ओतारी आणि त्याच्या निम्म्या वयाचा शिक्षक शेजारी बसून एकेक अक्षर वळवीत.

परंतु अक्षरापुरतीच ही शाळा असती तर तिचे आयुष्य अल्प ठरले असते. तिच्याभोवती हळूहळू बचतफंड उभा राहिला, आजारपणात हप्त्याने साहाय्य देणारी मंडळी निघाली, वाचनालय झाले, दारूबंदीच्या सभा भरू लागल्या. या मंडळ्यांचा जमाखर्च आणि इतिवृत्ते ठेवण्यासाठी माणसे हवीत, ती वर्गातूनच निघाली. काल फुली मारणारा आज सभासदांपुढे हिशेब वाचू लागला. शतकाच्या अखेरीस रिचर्ड कॅडबरीने मोझली रोडवर बांधलेल्या संस्थेत मोठे सभागृह आणि अनेक वर्गखोल्यांच्या जोडीला व्यायामशाळाही होती.

शिक्षण एकतर्फी नव्हते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ग्रंथविक्रेता विल्यम व्हाइट १८४८ पासून येथे शिकवीत असे. गैरहजर विद्यार्थ्याच्या घरी चौकशीस जाण्याच्या निमित्ताने अंधाऱ्या गल्ल्या त्याने पाहिल्या, आणि पुढे नगरसभेत बसल्यावर १८७५ च्या वस्तीसुधारणा योजनेचा तो खंदा पुरस्कर्ता झाला. १८८२ साली तो शहराचा महापौर होता. चॉकलेटचा कारखानदार जॉर्ज कॅडबरी सुमारे अर्धशतक चौदाव्या वर्गाला शिकवीत राहिला. विद्यार्थ्यांच्या कोंदट घरांत नेकीने जगणे किती कठीण, हे या वर्गामुळे उमगले नसते तर बोर्नव्हिलचे बगीच्यांचे गाव आपण वसविलेच नसते, असे तो स्वतःच सांगे.

तरीही एक उणीव लपत नाही. पंगतीला आणि फळ्यापुढे बरोबरीने वागणाऱ्या या सुखवस्तू पंथाने सभासदत्वाचा दरवाजा मात्र कामगारांसाठी फारच सावकाश उघडला. सेव्हर्न स्ट्रीटच्या विद्यार्थ्यांची उपासनेसाठी वेगळी ख्रिस्ती मंडळी निघाली, यातच काय ते आले. शतकाच्या मध्यास साऱ्या इंग्लंडात क्वेकर होते जेमतेम चौदा हजारांच्या आसपास. पुढे प्रौढशाळांचा पट त्यांच्या कितीतरी पट झाला. धर्मांतराची घाई नव्हती हे खरे, पण संकोचही होता.

१८७० च्या शिक्षणविषयक कायद्याने सरकारी शाळा निघाल्या, १८८० पासून मुलांना शिक्षण सक्तीचे झाले. आता कित्त्याची गरज सरली, तेव्हा या शाळा ओस पडाव्यात, असा कोणीही तर्क केला असता. घडले उलटेच. १८९९ मध्ये प्रौढशाळांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि १९१० च्या सुमारास सभासदसंख्या एक लाखावर गेली. अक्षर येणारी माणसे आता सोबतीसाठी, वादासाठी आणि आपल्या मंडळ्यांसाठी येत होती. १९०९ मध्ये धाकट्या जॉर्ज कॅडबरीने कामगारांसाठी फर्क्रॉफ्ट हे निवासी महाविद्यालय काढले आणि टॉम ब्रायन त्याचा पहिला प्रमुख झाला. पाचच वर्षांत महायुद्ध आले. वर्गातली तरुण मंडळी आघाडीवर गेली, काहींनी शस्त्र धरण्यास नकार दिला. युद्धानंतर रेडिओ, सिनेमा आणि कामगारांच्या इतर शिक्षणसंस्था यांनी तोच रविवार वाटून घेतला, आणि पट उतरत गेला.