काम संपते केव्हा?

1665 साली इंग्लंडात प्लेगची साथ पसरली आणि केंब्रिज विद्यापीठ बंद करावे लागले. नुकताच पदवीधर झालेला आयझॅक न्यूटन वूल्सथॉर्प या आपल्या खेड्यातल्या घरी परतला. मधला थोडा काळ सोडला तर 1667 पर्यंत तो तेथेच राहिला. कलनशास्त्र, प्रकाश व रंग आणि गुरुत्वाकर्षण या तिन्ही विषयांतील त्याच्या विचारांचा पाया बऱ्याच अंशी या काळात घातला गेला. ही गोष्ट आपण वर्गात नेहमी सांगतो. 2020 साली कोविडच्या साथीत जगभरची विद्यापीठे बंद झाली, तेव्हा ती पुन्हा एकदा सर्वत्र सांगितली गेली. सांगणाऱ्याचा रोख असा, की बघा, घरी बसून माणूस केवढे काम करू शकतो!

पण या गोष्टीतला एक तपशील बहुधा सांगायचा राहून जातो. न्यूटन त्या वेळी 22-23 वर्षांचा, अविवाहित विद्यार्थी होता. घराची व्यवस्था आईकडे होती. त्याला तास घ्यायचे नव्हते, उत्तरपत्रिका तपासायच्या नव्हत्या, कोणाच्या पत्राला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचे नव्हते. तो विद्यापीठाच्या नोकरीत नव्हताच. ट्रिनिटी कॉलेजचा फेलो तो 1667 साली झाला आणि प्राध्यापक 1669 साली. तेव्हा 2020 साली घरी बसलेल्या विद्यापीठातल्या माणसाशी त्याची तुलना कितपत योग्य?

ती तुलना बाजूला ठेवून आपण एक साधा प्रश्न घेऊ. साथीच्या काळात विद्यापीठात काम करणाऱ्यांच्या वेळेचे आणि स्वास्थ्याचे नेमके काय झाले?

तास कमी, थकवा जास्त

एप्रिल 2020 मध्ये काइल मायर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि युरोपातील 4,535 शास्त्रज्ञांची पाहणी केली. यातले बहुतेक विद्यापीठांत किंवा संशोधनसंस्थांत काम करणारे होते. साथीपूर्वी ते आठवड्याला सरासरी 61 तास काम करीत. पाहणीच्या वेळी हा आकडा 54 वर आला होता. म्हणजे आठवड्यामागे सात तास वाचले. शिवाय जाण्यायेण्याचा वेळ वाचला तो वेगळाच. वरवर पाहता माणसे ताजीतवानी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात थकव्याची तक्रार मात्र सर्वत्र ऐकू येत होती.

सरासरी हा शब्द फसवा असतो, हे आपण गणिताच्या तासाला सांगतोच. याच पाहणीत सरासरीच्या आत डोकावले तेव्हा निराळे चित्र दिसले. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांसारख्या, प्रयोगशाळेवाचून ज्यांचे चालत नाही अशा विषयांत संशोधनाला मिळणारा वेळ 30 ते 40 टक्क्यांनी घटला होता. गणित, संगणकशास्त्र यांसारख्या विषयांत घट बरीच कमी होती. इतर बाबी सारख्या धरल्या, तर स्त्रियांच्या संशोधनाच्या वेळेतली घट पुरुषांपेक्षा सुमारे 5 टक्क्यांनी जास्त भरली. सर्वांत मोठा फरक घरातल्या मुलांमुळे पडत होता. ज्यांच्या घरी पाच वर्षांचे किंवा त्याहून लहान मूल होते, त्यांचा संशोधनाचा वेळ इतरांपेक्षा आणखी सुमारे 17 टक्क्यांनी आटला होता.

याचे कारण शोधायला दूर जायला नको. पाळणाघर बंद, बालवाडी बंद, आजीआजोबांकडे जाणे धोक्याचे. घर हेच एकाच वेळी पाळणाघर, शाळा आणि कार्यालय झाले होते.

तुकड्यातुकड्यांचा तास

आता थकव्याकडे वळू. एक तास म्हणजे साठ मिनिटे हे घड्याळापुरते खरे. मेंदूच्या दृष्टीने सलग साठ मिनिटे आणि पाचपाच मिनिटांचे बारा तुकडे यांत मोठे अंतर असते.

एका कामातून दुसऱ्या कामात शिरताना पहिल्या कामाचा काही अंश मनात रेंगाळत राहतो. सोफी लरॉय यांनी 2009 साली प्रयोगांतून हे दाखवले. भांडे उपडे केले तरी तळाशी गाळ राहावा तसे हे आहे. पहिले काम अर्धवट सुटले असेल तर गाळ अधिक राहतो, आणि दुसऱ्या कामाची प्रत त्या मानाने उतरते. घरून शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचा तास घ्या. तास चालू असताना कुकरची शिट्टी होते, मुलाला पाणी हवे असते, विभागप्रमुखांचा निरोप फोनवर वाजतो. प्रत्येक वळणावर थोडा गाळ साठतो. संध्याकाळी "आज काहीच झाले नाही, तरी एवढी दमले कशी?" हा प्रश्न तिला पडतो, त्याचे उत्तर बरेचसे या गाळात आहे.

पडदा का थकवतो?

दुसरे कारण पडद्यावरच्या बैठकांचे. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचे वाक्य संपल्यावर दुसऱ्याने बोलायला लागेपर्यंत साधारणपणे एका सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढेच अंतर पडते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांतली संभाषणे तपासली गेली, आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आढळले. आवाज आणि चित्र यंत्रामार्फत आले, की एवढ्या बारीक अंतरात थोडा जरी उशीर मिसळला तरी ठेका बिघडतो. दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात. हा ठेका सावरण्याचे काम मेंदूला सतत करावे लागते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 साली या थकव्याची चार संभाव्य कारणे मांडली. अनेक चेहरे जवळून, सतत आपल्याकडे रोखलेले दिसतात. स्वतःचाही चेहरा आरशासारखा समोर असतो. चौकटीत राहण्यासाठी शरीर एका जागी जखडून ठेवावे लागते. आणि मान हलवणे, हातवारे यांसारख्या एरवी नकळत होणाऱ्या खुणा मुद्दाम कराव्या व ओळखाव्या लागतात. त्याच वर्षी तेथल्या संशोधकांनी 10,000 हून अधिक लोकांची पाहणी केली. अशा बैठकांनी फार थकायला होते असे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे सातांत एक होते, पुरुषांचे सुमारे विसांत एक.

वर्गात शिकवणाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत असते. फळ्याकडून वळून आपण मुलांच्या चेहऱ्यांवर नजर टाकतो आणि समजले की नाही हे क्षणात ओळखतो. पडद्यावर बहुतेकांचे कॅमेरे बंद. काळ्या चौकोनांना शिकवणे म्हणजे उत्तर न येणाऱ्या विहिरीत हाका मारण्यासारखे झाले.

मागणी आणि मुभा

कामाचा ताण कामाच्या ओझ्यावर अवलंबून असतो, असे आपण धरून चालतो. रॉबर्ट कारासेक यांनी 1979 साली या समजुतीत एक भर घातली. कामाची मागणी किती, याबरोबरच ते काम केव्हा व कसे करावे हे ठरवण्याची मुभा किती, हेही पाहायला हवे, असे त्यांनी दाखवले. मागणी जास्त आणि मुभा कमी अशी जोडी सर्वांत घातक. लंडनमधल्या 10,308 सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास 1985 पासून सुरू झाला. त्यातही कामावर आपला ताबा कमी असल्याचे सांगणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे हा केवळ मनाचा खेळ नाही, त्याची किंमत शरीरही मोजते.

या नजरेने आपल्याकडचे 2020 साल पाहू. अंतिम वर्षाच्या परीक्षा घेऊ नयेत, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय होता. 6 जुलै रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या सप्टेंबरअखेर घ्याव्यात असे कळवले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 28 ऑगस्टला निकाल लागला : परीक्षेची तारीख पुढे नेण्याची मागणी राज्य करू शकते, परंतु परीक्षेशिवाय पदवी नाही. त्यानंतर थोड्या आठवड्यांत लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षांची तयारी करायची होती, आणि त्यातही मोठा भाग ऑनलाइन! प्राध्यापकांनी प्रश्नपेढ्या तयार केल्या. परीक्षा विभागातल्या लिपिकांनी याद्या जुळवल्या. ज्याची लिंक उघडली नाही तो विद्यार्थी ज्याचा नंबर मिळेल त्याला फोन करीत होता. मागणी प्रचंड होती आणि मुभा जवळजवळ शून्य.

विद्यापीठ म्हटले की प्राध्यापकच डोळ्यांपुढे येतात. पण सुरक्षारक्षक, सफाई कामगार, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना खाऊ घालणारे परिचर यांना घरून काम हा पर्यायच नव्हता. त्यांची चिंता उलट दिशेची, की कामावरून घरी आपण काय घेऊन जाऊ? आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासांप्रमाणे. तास बंद पडले तर पुढे काय, हा घोर त्यांच्या मानेवर होता. साथ एकच होती, पण तिचे ओझे सर्वांवर सारखे पडले नाही.

उंबरठा हरवला

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांनी कामानंतर माणूस पुन्हा ताजा कसा होतो याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या मते, कामापासून शरीराने दूर जाणे पुरेसे नसते, मनानेही सुटावे लागते. जेवताना उद्याच्या बैठकीचा विचार चालू असेल तर ती विश्रांती नव्हे.

एरवी ही सुटका आपण मुद्दाम करीत नाही. शाळेची घंटा, दाराला लावलेले कुलूप, बसमधला अर्धा तास, घरात शिरताना उंबऱ्याशी काढलेल्या चपला, या सगळ्या गोष्टी काम संपल्याचे मनाला सांगत असतात. साथीत त्या एकदम नाहीशा झाल्या. जाण्यायेण्याचा वेळ वाचला म्हणून आपण खूश झालो, पण त्या वेळात मन एक वेष उतरवून दुसरा चढवीत होते, हे तो वेळ गेल्यावर कळले. ज्या पाटावर जेवायचे त्याच पाटावर लॅपटॉप. काम सुरू कधी झाले ते आठवते, संपले कधी ते सांगता येत नाही.

याचे परिणाम लगेच मोजता येतील असे नसतात. मायर्स यांच्या गटाने जानेवारी 2021 मध्ये पुन्हा पाहणी केली. कामाचे तास जवळजवळ पूर्वपदावर आले होते, परंतु 2020 साली हाती घेतलेल्या नव्या संशोधनप्रकल्पांची संख्या लक्षणीय घटलेली आढळली. जुने काम पुढे रेटता आले, नवे मात्र सुचेना. नवी कल्पना येते ती चहाच्या टपरीवर, व्हरांड्यातल्या गप्पांत आणि मोकळ्या मनात. या तिन्हींची तेव्हा टंचाई होती.

मग करावे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी 5 मे 2023 रोजी संपल्याचे जाहीर केले. पण रात्री दहाला वाजणारा व्हॉट्सअ‍ॅप गट आणि रविवारची ऑनलाइन बैठक आपल्याकडे राहून गेली. म्हणून हा विषय जुना झालेला नाही.

एक उपाय प्रत्येकाच्या हातातला आहे. मॅसिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी 2011 साली असे दाखवले, की अर्धवट राहिलेले काम मनात घोळत राहते, पण ते केव्हा व कसे करायचे याची नेमकी योजना केली की मन मोकळे होते. काम पूर्ण व्हावेच लागते असे नाही. तेव्हा दप्तर आवरताना उद्याचे पहिले काम वेळेसह एका चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठी तेथेच ठेवावी. ही झाली आपल्यापुरती घंटा.

मात्र सगळा भार व्यक्तीवर टाकणे योग्य नाही. ज्याच्या हाती मुभाच नाही, त्याला प्राणायाम शिकवून काय उपयोग? फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून, कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याचा कामगारांचा हक्क कायद्याने मानला गेला. पोर्तुगालने 2021 साली अशाच स्वरूपाची तरतूद केली. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी या विषयावरचे खासगी विधेयक 2018 साली लोकसभेत मांडले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. पण शाळेने किंवा महाविद्यालयाने सायंकाळी सातनंतर गटावर सूचना टाकू नयेत असे ठरवायला संसदेची वाट पाहावी लागत नाही.

करून पाहा

उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांबरोबर करण्याजोगा हा उपक्रम आहे. एका कागदावर सात दिवसांचे उभे रकाने आखा आणि जागेपणाच्या प्रत्येक अर्ध्या तासाचा एक चौकोन करा. अभ्यास वा काम, घरकाम, विश्रांती आणि झोप यांना चार रंग द्या. एका चौकोनात दोन रंग आले तर दोन्ही भरा. आठवड्यानंतर प्रत्येक रंगाचे तास मोजा. मग रंग किती वेळा बदलला ते मोजा, आणि दोन रंगांचे चौकोन किती ते वेगळे लिहा. दोघांचे कामाचे तास सारखे असूनही एकाचा कागद सलग पट्ट्यांचा आणि दुसऱ्याचा गोधडीसारखा निघाला, तर अधिक थकलेला कोण, हे त्यांनाच विचारा.

मुलांनी घरून आईचाही कागद भरून आणला तर चर्चा अधिक रंगेल. आणि शिक्षकांनी स्वतःचा कागद भरायला हरकत नाही. त्यात विश्रांतीचा रंग कोणत्या चौकोनात सुरू होतो ते बोट ठेवून दाखवता आले नाही, तर ती बाब मुख्याध्यापकांसमोर बैठकीत मांडण्याइतकी महत्त्वाची आहे.