डॉक्टर व्हायच्या पुढे – लेखांक ५ : ड्रॉपचा हिशेब

पीजी प्रवेशाची शेवटची ‘स्ट्रे’ फेरी आटोपली की नागपुरात ‘मेडिकल’ काय, ‘मेयो’ काय, जागा हुकलेल्यांपुढे एकच पेच उरतो : ड्रॉप घ्यायचा, की मिळेल ते पदरात पाडून घ्यायचं? जागाच कमी आहेत, ही तक्रार अर्धी खरी. २०२१च्या नीट-पीजीनंतर देशभरात १,४५६ जागा रिकाम्या राहिल्या आणि त्यांसाठी खास फेरी घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये नकार दिला. त्यातल्या बहुतेक नॉन-क्लिनिकल होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये तर पात्रतेचा पर्सेंटाइल थेट शून्यावर आणावा लागला. म्हणजे टंचाई आहे ती रेडिओ, मेडिसिन, स्किन अशा ठरावीक शाखांची, आणि ती पुढच्या वर्षीही तशीच राहणार. शिवाय ड्रॉपचं ‘एक वर्ष’ एकाच वर्षाचं असेल याचा काय भरवसा? २०२४ची परीक्षा २३ जूनची होती. आदल्या रात्री रद्द होऊन ती ११ ऑगस्टला झाली. २०२५ची १५ जूनवरून ३ ऑगस्टवर गेली.

माझं म्हणणं असं, की ड्रॉपचा निर्णय घेण्याआधी राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा दोन वर्षांचा डिप्लोमा गंभीरपणे पाहावा. २०२० मध्ये तो आठ शाखांत सुरू झाला : भूल, स्त्रीरोग, बालरोग, नेत्र, कान-नाक-घसा, रेडिओ, क्षयरोग व छाती आणि फॅमिली मेडिसिन. प्रवेश त्याच नीट-पीजीच्या रँकवर. ‘पाटीवर डिप्लोमा लावायचा का?’ असं घरचे विचारतातच. त्याला उत्तर साध्या बेरजेत आहे. डिप्लोमाची दोन वर्षं आणि त्यानंतर पीडीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन डीएनबीची दोन, झाली चार. एक वर्ष ड्रॉप आणि तीन वर्षं एमडी, तीही चारच. पीडीसीईटीत निवड होईलच अशी हमी नाही, हे खरं. पण ड्रॉपमध्ये तरी कुठे असते? पहिल्या वाटेवर हुकलात तरी हातात पदविका उरते. दुसरीवर उरतात फक्त नोट्स.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : हा डिप्लोमा खासगी रुग्णालयांतही होतो, तिथे शिकवणार कोण? इथे सरसकट ग्वाही देता येत नाही. प्रत्येक रुग्णालय वेगळं. म्हणून चॉइस भरण्याआधी तिथल्या सध्याच्या रेसिडेंटला गाठावं आणि नेमकं विचारावं. रात्री दोनला सिझेरियन निघालं तर टेबलापाशी हात धुऊन कोण उभं राहतं, तुम्ही की कन्सल्टंटचा नेहमीचा सहायक? भूल देताना नळी तुम्ही घालता, की फक्त केसपेपर भरता? उत्तर अडखळत आलं, तर ते नाव यादीतून काढावं. बेड किती, इमारत केवढी, हे नंतरचं.

अध्यापनात जायचं असेल, तर एमडी किंवा डीएनबीचाच रस्ता सरळ. आणि ज्याला मेडिसिन किंवा स्किनच हवं, त्याला ही आठ शाखांची यादी काहीच देत नाही. त्याने ड्रॉप जरूर घ्यावा. फक्त राज्याच्या बंधपत्राचं वर्ष बाकी असेल, तर ते अभ्यासासोबत कसं बसवायचं, हे आधी ठरवून.