आपत्तीतील शेजारप्रीती आणि शासनाचा अधिकार

आपत्तीच्या वेळी धावून जाणारा स्वयंसेवक आणि त्याला अडवणारा अधिकारी यांच्यातील संघर्ष हा केवळ व्यवस्थेचा प्रश्न नसून नीतिशास्त्राचाही आहे. शेजाऱ्यावर प्रीती करणे आणि अधिकाऱ्यांच्या अधीन राहणे, ही दोन्ही कर्तव्ये आपण शास्त्रातूनच शिकलो आहोत. ती परस्परविरुद्ध भासू लागली तर काय करावे? एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे आम्ही याचा विचार करणार आहोत.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी मेक्सिको शहर भीषण भूकंपाने हादरले. शासनयंत्रणा सावरण्यापूर्वीच नागरिकांनी हातांनी ढिगारे उपसण्यास आरंभ केला. लष्कराने पडलेल्या इमारतींभोवती पहारे बसवले. काही ठिकाणी अवजड यंत्रांनी ढिगारे हटवण्याचे ठरले, तेव्हा खाली कोणी जिवंत असेल म्हणून स्वयंसेवकांनी व नातलगांनी विरोध केला. तो निराधार नव्हता. एका कोसळलेल्या रुग्णालयातून नवजात अर्भके कित्येक दिवसांनंतर जिवंत बाहेर काढण्यात आली.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेतील आपत्तिप्रशिक्षणाच्या पुस्तिकांत या भूकंपाविषयी असे नमूद आहे की, स्वयंसेवकांनी ८०० हून अधिक जणांना वाचवले; परंतु पंधरा दिवसांच्या त्या कार्यात १०० हून अधिक अप्रशिक्षित स्वयंसेवक स्वतः मृत्युमुखी पडले. ढिगाऱ्यावर चढणाऱ्याच्या भाराने खालचा मनुष्यही चिरडला जाऊ शकतो, आणि गर्दीच्या गलबल्यात त्याची क्षीण हाक ऐकू येत नाही. म्हणून अधिकाऱ्याचा प्रतिबंध हा नेहमीच निष्ठुरपणा नसतो.

रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल अधिकाराला मनुष्याच्या हितासाठी नेमलेला सेवक मानतो. यावरून असे दिसते की, जीवरक्षणासाठी दिलेली आज्ञा सदसद्विवेकाला बंधनकारक असते. केवळ सोय वा प्रतिष्ठा राखण्यासाठी दिलेल्या आज्ञेला तेवढे वजन नसते. उलटपक्षी, स्वयंसेवकानेही आपला आवेश पारखून घ्यावा. चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या आणि मग त्या मनुष्याला उतारशाळेत नेऊन तेथील रक्षकाच्या स्वाधीन केले. त्याच्या प्रीतीला दुसऱ्यावर कार्य सोपवण्यात कमीपणा वाटला नाही.

आपल्या देशाच्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाला आपद्ग्रस्त भागातील प्रवेश नियंत्रित करण्याचा अधिकार दिला आहे. वाजवी कारणाशिवाय आदेश मोडणे हा गुन्हा आहे. कायद्याने मानलेले हे 'वाजवी कारण' स्वयंसेवकाने अधिकाऱ्यापुढे उघडपणे मांडावे. ते पोटात ठेवून पहारा चुकवू नये.

मेक्सिकोतील त्या स्वयंसेवकांतूनच पुढे प्रशिक्षित बचावपथक उभे राहिले, आणि १९८६ मध्ये तेथील शासनानेही राष्ट्रीय नागरी संरक्षण व्यवस्था स्थापन केली. यातून आपणही बोध घ्यावा. धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी आपल्या मंडळीतील तरुणांना संकटापूर्वीच प्रशिक्षणास पाठवावे, त्यांची नावे जिल्हाधिकारी कार्यालयास कळवावीत आणि तेथील अधिकाऱ्यांशी परिचय ठेवावा. ज्यांची आधी ओळख आहे, त्यांचे म्हणणे संकटाच्या घटकेस ऐकले जाण्याचा संभव अधिक असतो. आणि त्या घटकेस ढिगाऱ्याखालील शेजाऱ्याच्या वतीने बोलणारा कोणीतरी हवा असतो.